हिवाळ्यात मोटारसायकल: झाकून ठेवावी की चालवावी?

मोटारसायकलीसोबत मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर ‘गाडी दीर्घकाळ न वापरता ठेवायची असल्यास’ अशा आशयाचे प्रकरण बहुधा असतेच. टाकी भरून ठेवा, बॅटरीच्या तारा सोडवा, चाके जमिनीपासून उचला, गाडी कापडाने झाका, अशा सूचना त्यात दिलेल्या असतात. युरोप आणि उत्तर अमेरिकेत हे प्रकरण ऑक्टोबरात उघडले जाते आणि मार्च-एप्रिलपर्यंत त्यातील सूचनांनुसार गाडी कोठारात विसावते. चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या मोटारसायकलस्वाराने हीच पाने हिवाळ्यात उघडली, तर मात्र त्याची दिशाभूल होण्याची शक्यता अधिक. कारण या दोन वनजिल्ह्यांत गाडीच्या विश्रांतीचा ऋतू हिवाळा नाही, पावसाळा आहे. हिवाळा हा येथे दुचाकीच्या सर्वाधिक धावपळीचा काळ. या थंडीत जपावे लागते ते प्रामुख्याने गाडीवर बसलेल्या माणसाला.

हा भेद नीट ध्यानात न घेतल्याने दोन चुका होतात. नको तेथे, म्हणजे इंजिनाच्या थंडीबाबत, फाजील काळजी केली जाते. आणि हवी तेथे, म्हणजे पहाटेच्या रस्त्यावर, ती केली जात नाही. पहिल्या चुकीने फार तर थोडे पेट्रोल वाया जाते. दुसरीची किंमत हातपाय मोडण्यापासून प्राण गमावण्यापर्यंत कितीही असू शकते.

बर्फाच्या देशांतील गणित

थंड देशांत गाडी ठेवून देण्यामागे ठोस कारणे आहेत. रस्त्यावर बर्फ साचतो आणि दोन चाकांवर तोल सांभाळणे अशक्य होते. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ साखळी, आरे, सायलेन्सर आणि चासीला झपाट्याने गंजवते. तापमान शून्याच्या बरेच खाली गेले की अर्धवट उतरलेल्या बॅटरीतील द्रावण गोठून तिचे कवच फुटू शकते. जर्मनीत तर १९९७ पासून वाहनाला वर्षातील ठरावीक महिन्यांपुरतीच नोंदणी देणारी हंगामी क्रमांकपट्टी मिळते. अनेक मोटारसायकलमालक ती घेतात आणि उरलेल्या महिन्यांचा कर व विमा वाचवतात.

भारतातही लडाख, स्पितीसारख्या भागांना हे गणित लागू पडते. मनाली-लेह रस्ता हिवाळ्यात बर्फाने बंद होतो आणि तेथील दुचाक्यांना सक्तीची विश्रांती मिळते. विदर्भाच्या पूर्व टोकाला मात्र यातील एकही कारण अस्तित्वात नाही. चंद्रपूरला उन्हाळ्यात पारा ४७-४८ अंशांपर्यंत चढतो, ही त्याची देशभर झालेली ओळख. हिवाळ्यात पहाटेचे तापमान साधारणपणे १० ते १३ अंशांच्या घरात असते. उत्तरेकडून थंडीची लाट आली की ते एक अंकी होते आणि गडचिरोलीचे नाव विदर्भातील सर्वांत थंड गावांच्या यादीत झळकते. तथापि पाणी गोठावे, रस्त्यावर हिमाचा थर बसावा अशी वेळ येत नाही. दुपारी पुन्हा २८-२९ अंशांचे ऊन असते. यंत्राच्या दृष्टीने याहून सुखाचा ऋतू नाही.

झाडीपट्टीचा धावपळीचा काळ

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील धानाच्या आणि जंगलाच्या प्रदेशाला झाडीपट्टी म्हणतात. येथील वर्षाची घडी धानाभोवती बसलेली आहे. दिवाळीच्या आसपास धान कापणीला येते, मग मळणी, मग विक्री. हातात चार पैसे आणि थोडी सवड आली की मंडई भरते आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे या झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र. तेथील नाट्यमंडळ्या दिवाळीपासून होळीच्या सुमारापर्यंत गावोगाव प्रयोग करतात. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आले, त्यामुळे तिचे नाव राज्याबाहेरही पोहोचले. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. आसपासच्या गावांतून आलेला प्रेक्षक दिवसातील सर्वांत थंड वेळी, रात्रभराचे जागरण झालेले असताना, दुचाकीवरून घरी परततो.

याच पहाटे बल्लारपूर, राजुरा, घुग्घुस, भद्रावती या पट्ट्यातील कोळसा खाणींच्या पाळ्या बदलत असतात. दूधवाले, भाजीवाले, तालुक्याच्या गावाहून आडगावच्या शाळेत जाणारे शिक्षक, आरोग्यसेवक हे सारे रस्त्यावर असतात. गडचिरोलीच्या दक्षिण आणि पूर्व भागात तर मोटारसायकल हीच प्रमुख प्रवासी सोय. एटापल्ली तालुक्यातील वांगेतुरीच्या दिशेने राज्य परिवहनची बस सुरू झाली ती २०२५ च्या पहिल्या दिवशी. जेथे बस इतक्या उशिरा पोहोचते, तेथे हिवाळ्यात मोटारसायकल झाकून ठेवा, हा सल्ला घर सोडू नका असे सांगण्यासारखाच आहे.

थंडी यंत्राला काय करते?

पहाटे गाडी लवकर सुरू होत नाही, हा सर्वांचा अनुभव. त्यामागची कारणे साधी आहेत. थंड हवेत पेट्रोलचे बाष्प कमी होते, त्यामुळे ठिणगी पडूनही मिश्रण सहज पेट घेत नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत चोक ओढून हवेचे प्रमाण कमी आणि पेट्रोलचे अधिक करावे लागते. इंजिन एका लयीत चालू लागले की चोक मागे ढकलावा. तो तसाच राहिला तर प्लग काळा पडतो आणि पेट्रोलही अधिक जळते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर बहुतेक मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा इंधन-अंतःक्षेपणाने, म्हणजेच फ्युएल इंजेक्शनने घेतली. त्यात इंजिनाचे तापमान मोजून पेट्रोलचे प्रमाण आपोआप ठरते. अशा गाडीला चोक नसतो. किल्ली फिरवल्यावर दोन-तीन सेकंद थांबावे, पंपाचा आवाज बंद झाला की स्टार्टरचे बटण दाबावे, एवढेच पथ्य.

इंजिन ऑइल थंडीत दाट होते, हेही खरे. परंतु किती? डब्यावरील ‘१०डब्ल्यू-३०’ किंवा ‘२०डब्ल्यू-५०’ या खुणेतील डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे द्योतक आहे. इंजिन सुरू करताना ऑइल कितपत दाट राहते, याची कसोटी १०डब्ल्यू दर्जासाठी उणे २५ अंशांवर आणि २०डब्ल्यूसाठी उणे १५ अंशांवर घेतली जाते. गडचिरोलीची कडाक्याची पहाट म्हणजे अधिक आठ अंश. तेव्हा हिवाळ्यासाठी वेगळे ऑइल घालण्याचे कारण नाही. उत्पादकाने सांगितलेला दर्जा आणि ते वेळेवर बदलणे पुरेसे आहे.

गाडी सुरू करून दहा-दहा मिनिटे अंगणात नुसती चालू ठेवण्याची सवयही सोडून द्यावी. अर्धा ते एक मिनिट थांबून निघावे आणि पहिले दोन-तीन किलोमीटर इंजिनाला जोर न देता चालवावे. उभ्या गाडीपेक्षा चालत्या गाडीत ते लवकर तापते. बंद ओसरीत किंवा खोलीत गाडी चालू ठेवणे तर जिवावर बेतू शकते. एक्झॉस्टमधील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो. बंद खोलीत पेटलेल्या शेगडीने जो धोका होतो, तोच येथेही आहे.

बॅटरीची कथा जरा निराळी. थंडीत तिच्यातील रासायनिक क्रिया मंदावते आणि त्याच वेळी दाट ऑइलमुळे स्टार्टरला अधिक वीज लागते. अशक्त बॅटरी या दुहेरी ताणाखाली मान टाकते आणि दोष थंडीला दिला जातो. प्रत्यक्षात शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य उष्णतेने घटते. तापमान १० अंशांनी वाढले की तिच्यातील झिजेच्या क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे चंद्रपूरच्या उन्हात बॅटरी खंगते मे महिन्यात आणि ते उघडकीस येते डिसेंबरात. म्हणून दिवाळीपूर्वी तिची तपासणी करून घ्यावी. गाडी रात्रभर बंद राहिल्यानंतर पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. हा आकडा १२.२ च्या खाली असेल तर ती निम्म्याहून अधिक उतरली आहे असे समजावे. अलीकडच्या अनेक गाड्यांना किक नसते, त्यामुळे जंगलातील रस्त्यावर बॅटरीचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे.

टायरमधील हवा हा दुर्लक्षित मुद्दा. दुपारी २९ अंशांत भरलेली ३० पीएसआय हवा पहाटे ११ अंशांवर आकुंचन पावून सुमारे अडीच पीएसआयने कमी भरते. हवा आधीच कमी असेल तर टायर मऊ होऊन वळणावर गाडी लडबडते. हवेचा दाब सकाळी, गाडी फार न चालवता मोजावा. पुस्तिकेतील आकडे थंड टायरसाठीच दिलेले असतात.

थंडी माणसाला काय करते?

यंत्राला थंडी तापमापकावर दिसते तेवढीच लागते. वाऱ्याचा गारठा फक्त ऊब निर्माण करणाऱ्या सजीवाला जाणवतो. अमेरिका आणि कॅनडाच्या हवामान खात्यांनी २००१ मध्ये स्वीकारलेल्या सूत्रानुसार हिशेब केला, तर हवा १० अंशांची असताना ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या त्वचेला ती पाच अंशांसारखी भासते. हवा आठ अंशांची असेल तर हा आकडा दोनच्या आसपास येतो. चंद्रपूरहून मूल, सावली, व्याहाडमार्गे वैनगंगा ओलांडून गडचिरोलीला जायचे तर सुमारे ८० किलोमीटर अंतर पडते. म्हणजे दीड-दोन तास शरीर या गारठ्याला तोंड देत असते.

प्रथम बधिर होतात ती बोटे. त्वचेचे तापमान १५ अंशांखाली उतरू लागले की बोटांची चपळाई स्पष्टपणे घटते. नेमकी हीच बोटे ब्रेक आणि क्लच दाबत असतात. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ मीटर तसेच सरतात. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही थांबायला आणखी २० मीटर लागतात. बोटे आखडल्याने अर्धा सेकंद जरी अधिक लागला, तरी थांबण्याचे अंतर आठ मीटरने वाढते. ताशी ४० किलोमीटर वेगात हाच सारा हिशेब २६-२७ मीटरवर संपतो. थंडीत वेग कमी ठेवण्याचे लाभ असे दुहेरी आहेत: गारठा कमी लागतो आणि गाडी लवकर थांबते.

पेहरावाचा विचार यावरूनच करावा. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर आणि त्यावर वारा अडवणारे जाकीट अधिक उपयोगी. स्वेटरच्या विणीतून वारा आरपार जातो. जाकिटाखाली छातीवर वर्तमानपत्राच्या दोन घड्या ठेवण्याची जुनी युक्ती आजही तितकीच गुणकारी आहे. हातमोजे वारा अडवणारे असावेत, परंतु ब्रेकचा दांडा जाणवू नये इतके जाड नसावेत. शाल किंवा मफलरची टोके सैल सोडू नयेत. मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या व्यक्तीची शाल चाकात अथवा साखळीत अडकून होणारे अपघात टाळण्याजोगे असतात. जाड कानटोपीवर हेल्मेट नीट बसत नाही, म्हणून आत पातळ कापडी टोपी वापरावी. हेल्मेटच्या काचेवर आतून धुके धरत असेल तर काच किंचित उघडी ठेवावी, पण थंडी वाजते म्हणून हेल्मेट काढून मफलर गुंडाळणे हा उपाय नव्हे.

लहान मुलाला टाकीवर पुढे बसवण्याची पद्धत ग्रामीण भागात सर्रास दिसते. तेथे सारा वारा मुलाच्या अंगावर येतो आणि मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर थंड पडते. केंद्र सरकारने २०२२ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमानुसार चार वर्षांखालील मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षापट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा बंधनकारक आहे. नऊ महिन्यांपुढील मुलाला हेल्मेटही हवे. मुलाला मागे, पट्ट्याने बांधून आणि पूर्ण झाकून बसवावे.

थंडी घालवण्यासाठी ‘थोडी घेण्या’चा समज सर्वांत घातक. मद्याने त्वचेखालील रक्तवाहिन्या प्रसरण पावतात, ऊब आल्याचा भास होतो आणि त्याच वेळी शरीरातील उष्णता वेगाने बाहेर पडू लागते. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली. जिल्ह्याचा कायदा कोणताही असला तरी शरीराचा नियम बदलत नाही. नाटक संपल्यावर डोळ्यांवर झोप असेल, तर उजाडेपर्यंत मंडपातच थांबणे शहाणपणाचे. शेकोटीजवळ तासभर बसून ऊन आल्यावर निघालेला माणूस घरी सुखरूप पोहोचतो.

पहाटेच्या रस्त्यावर

झाडीपट्टीत माजी मालगुजारी तलावांची संख्या मोठी आहे. हे तलाव, नद्या आणि ओलीची शेते यांवर निवांत, निरभ्र रात्रीनंतर धुके साचते. ते सर्वत्र सारखे नसते. रस्ता स्वच्छ दिसत असताना तलावाच्या पाळीजवळ किंवा पुलाच्या उतारावर ते भिंतीसारखे समोर येते. औद्योगिक पट्ट्यात त्यात धूर मिसळतो. थंड हवेचा थर जमिनीलगत अडकून राहतो आणि कारखान्यांचा, कोळशाच्या शेगड्यांचा धूर वर जाऊ शकत नाही. धुक्यात दिव्याचा झोत वर ठेवला तर प्रकाश थेंबांवरून परतून डोळ्यांवरच येतो, म्हणून झोत खालीच ठेवावा. जेवढे अंतर दिसते, तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग राखावा. ३० मीटरपलीकडचे दिसत नसेल, तर ताशी ४० किलोमीटर ही कमाल मर्यादा झाली. थांबणे भाग पडल्यास गाडी डांबरावर उभी न करता कडेला पूर्ण खाली उतरवावी.

धुके नसले तरी रस्ता कोरडा असेलच असे नाही. कोळशाच्या वाहतुकीच्या मार्गांवर डांबरावर काळी भुकटी साचते आणि तिच्यावर दव पडले की निसरडा लेप तयार होतो. धानाच्या पट्ट्यात रस्त्याच्या कडेला धान वाळत घातलेले असते, तणीस पसरलेली असते. परावर्तक नसलेल्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या अंधारात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. आलापल्ली, आष्टीच्या बाजूला सूरजागडच्या लोहखनिजाची अवजड वाहतूक आहे. अशा ट्रकच्या मागील दिव्यांचा माग धरून धुक्यात चालणे सोपे वाटते, पण तो अचानक थांबला की वाचायला जागा उरत नाही.

आणि रस्ता केवळ माणसांचा नाही. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प, त्याभोवतीचे बफर क्षेत्र आणि ब्रह्मपुरी वनविभागातील जंगलांतून रोजच्या वापराचे रस्ते जातात. संध्याकाळ आणि पहाट या वन्यप्राण्यांच्या हालचालीच्या वेळा. धानावर येणारी रानडुकरे आणि चितळांचे कळप रस्ता ओलांडतात तेव्हा पहिल्या प्राण्यामागे दुसरा असतोच. म्हणून एक गेला की लगेच वेग वाढवू नये. वाघ किंवा अस्वल दिसल्यास दूरच थांबावे, गाडीवरून उतरू नये, छायाचित्रासाठी पुढे सरकू नये, हॉर्न वाजवू नये. वाट मोकळी होऊ द्यावी. २०२१ मध्ये छत्तीसगडातून गडचिरोलीत रानहत्तींचा कळप आल्यापासून जिल्ह्याच्या उत्तर भागातील प्रवाशांना आणखी एक सावधगिरी शिकावी लागली. हत्तींचा वावर असल्याची सूचना वनविभागाने दिली असेल, तर त्या रस्त्याने अंधारात जाण्याचा बेत रद्द करावा. शक्य तेथे दोन दुचाक्यांनी अंतर राखून, सोबतीने जाणे केव्हाही चांगले.

साठवणीचा खरा ऋतू

माहितीपुस्तिकेतील ते प्रकरण मग येथे केव्हा उघडायचे? जूनच्या सुरुवातीला. भामरागडजवळ इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्या एकत्र येतात. पर्लकोटेच्या पुराने आलापल्लीकडचा रस्ता बंद होणे, हे चित्र तालुक्याने वर्षानुवर्षे पाहिले आहे. २०१९ च्या पावसाळ्यात तर हा संपर्क वारंवार तुटला. अशा भागात काही दिवस, कधी काही आठवडे गाडी जागेवर उभी राहते. शहरात नोकरीला असलेल्यांची गावच्या घरी ठेवलेली गाडीही बहुधा पावसाळाभर हलत नाही. बर्फाच्या देशात जे काम मीठ करते, ते येथे चार महिन्यांची दमट हवा करते.

गाडी महिनाभराहून अधिक काळ ठेवायची असल्यास पुढील क्रम पाळावा. प्रथम ती धुऊन, पूर्ण वाळवून, चिखल काढून टाकावा. जुने ऑइल बदलून नवे भरावे, कारण वापरलेल्या ऑइलमधील आम्ले आतील भागांना खातात. पेट्रोलची टाकी जवळजवळ काठोकाठ भरावी. रिकाम्या जागेतील दमट हवेतून पाणी साचते आणि पत्रा आतून गंजतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल ओलावा शोषून घेते, त्यामुळे टाकीचे झाकण घट्ट बसते की नाही हे पाहणे अधिक आवश्यक झाले आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधील पेट्रोल काढून टाकावे, अन्यथा ते उडून जाऊन मागे चिकट थर राहतो.

बॅटरीची ऋण तार आधी सोडवावी, मग धन. बॅटरी घरात कोरड्या जागी ठेवून महिन्यातून एकदा भारित करावी. चार अँपिअर-तासांच्या लहान बॅटरीला ०.४ अँपिअरच्या आसपासचा प्रवाह पुरतो. मोटारीसाठीच्या मोठ्या चार्जरने ती खराब होते. साखळीला आणि केबलना ऑइल द्यावे. गाडी मुख्य स्टँडवर उभी करावी आणि टायर जमिनीला टेकत असेल तर दर पंधरवड्याला चाक थोडे फिरवावे. स्टँडखाली फळी ठेवण्याचा परदेशी सल्ला येथे वाळवीला आमंत्रण ठरतो, त्याऐवजी फरशीचा तुकडा बरा. प्लास्टिकच्या आवरणाखाली ओलावा कोंडतो, म्हणून जुनी सुती चादर वापरावी. सायलेन्सर थंड झाल्यावर त्याचे तोंड कापडाने बंद करावे. कुंभारीण माशी तेथे मातीचे घर बांधते आणि मग गाडी सुरू होत नाही. धान्याच्या कोठीजवळ गाडी ठेवल्यास उंदीर तारा कुरतडतात. तणसाच्या ढिगाजवळ ठेवल्यास आगीचा धोका असतो.

ठेवलेली गाडी दर आठवड्याला दोन मिनिटे सुरू करण्याची पद्धत लोकप्रिय आहे, परंतु तिने फायद्यापेक्षा तोटाच होतो. सुरू करताना खर्च झालेली वीज दोन मिनिटांत भरून निघत नाही, आणि ज्वलनातून निर्माण झालेले पाणी इंजिन व सायलेन्सर पुरेसे न तापल्याने आतच राहते. गाडी काढायची तर पंधरा-वीस मिनिटे चालवून आणावी, नाही तर मुळीच सुरू करू नये.

गाडी उभी असली तरी विम्याकडे दुर्लक्ष नको. नव्या दुचाकीला सप्टेंबर २०१८ पासून पाच वर्षांचा त्रयस्थपक्ष विमा एकदम घ्यावा लागतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा स्वतंत्रपणे नूतनीकृत करावा लागतो. तो संपून ९० दिवस उलटले की दावा न केल्याबद्दल साठलेली सवलत हातची जाते. पुराचे पाणी गोठ्यात शिरण्याचा धोका असलेल्या गावांत तर पावसाळ्यापूर्वीच हा विमा पाहून घ्यावा.

वर्षातून दोनदा

सारांश, या प्रदेशातील मोटारसायकलीची देखभाल दोन टप्प्यांत बसवता येते. मृगापूर्वी साठवणीची किंवा पावसाळी वापराची तयारी करावी. दसरा-दिवाळीच्या सुमारास पावसाने दिलेला गंज, ओल शिरलेले ब्रेक, बॅटरी, टायर, पुढचा व मागचा दिवा यांची तपासणी करून घ्यावी. त्यापुढे होळीपर्यंत गाडीची काळजी थोडी कमी केली तरी चालेल. ती या गारठ्यात तक्रारीविना धावेल. हातमोजे, हेल्मेट, कमी वेग आणि अंधार सरेपर्यंत थांबण्याची तयारी ही मात्र तिच्यावर बसणाऱ्याने स्वतःसाठी करायची हिवाळ्याची सर्व्हिसिंग आहे, आणि ती कोणत्याही गॅरेजमध्ये होत नाही.